क्लब छान आहे म्हणे, पण मी बोलतच नाही

सल्ला सदर

पत्र :

ताई, नमस्कार.

मी बडोद्याला दांडिया बाजारात राहते. घरी मराठी, शाळा बारावीपर्यंत गुजराती माध्यमाची. आता इथल्याच एका कॉलेजात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, शिकवणं सगळं इंग्रजीतून. लेक्चर समजतं, पेपरही लिहिते. पण बोलायची वेळ आली की तोंडातून शब्द फुटत नाही. म्हणून कॉलेजच्या इंग्लिश क्लबात नाव घातलं. दर बुधवारी साडेचारला तासभर. जूनमध्ये नव्वद नावं होती, आता चाळीसेक जण येतात. डिबेट, एक्सटेम्पोर, कधी शब्दांचे खेळ. चार-पाच जण फाडफाड बोलतात, बाकीचे टाळ्या वाजवतात. मी टाळ्या वाजवणाऱ्यांत.

आता मॅडमनी मला आणि माझ्या मैत्रिणीला सांगितलंय की क्लबाबद्दल मुलांची मतं गोळा करून अहवाल द्या. फॉर्म भरून घेतले. बहुतेकांनी 'व्हेरी गुड'वर खूण केलीय आणि 'कॉन्फिडन्स वाढला' असं लिहिलंय. मीही तेच लिहिलं. पण बाहेर सेव-उसळ खाताना हीच मुलं म्हणतात, 'टाइमपास छे, यार.' यातलं खरं काय धरायचं? आणि मी क्लब सोडून पैसे भरून स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू का? बाबा तयार आहेत. त्यांनी तर रात्री जेवताना घरात फक्त इंग्रजी बोलायचा नियमच केलाय. तेव्हापासून आई जेवताना बोलतच नाही. फॉर्मची एक प्रत सोबत पाठवते आहे.

– बोलती बंद, दांडिया बाजार

उत्तर :

प्रिय बोलती बंद,

आधी आईला बोलू दे. जेवणाच्या पाटावरचं इंग्रजी आजच बंद करा. बाबांचा हेतू चांगला आहे, त्यांना माझा नमस्कार सांग. पण दिवसभराचं साठलेलं बोलायची घरातली ती एकच वेळ, आणि ती एकाची शिक्षा नि दुसरीची परीक्षा होऊन बसली आहे. तुझ्या इंग्रजीला त्यातून काही मिळत नाही, आणि आईला विनाकारण परकं वाटतं.

आता फॉर्मकडे येते. तू पाठवलेली प्रत मी नीट पाहिली. वर नाव, रोल नंबर, वर्ग. खाली पाच विधानं, सगळी इंग्रजीत, सगळी गोड. शेवटी 'एनी सजेशन्स?' आणि पुढे दोन रिकाम्या रेघा. त्या रेघांवर काय आलं असणार ते मला न बघताही सांगता येतं. 'नाइस', 'व्हेरी नाइस' आणि 'नो'. अगं, ज्याला इंग्रजी लिहायचं म्हटलं की घाम फुटतो, त्याला इंग्रजी क्लबाबद्दलचं मत इंग्रजीत, नाव घालून, मॅडमच्या हातात द्यायला सांगितलं तर तो दुसरं काय लिहील? तिथं मुलांनी मॅडमचा मान राखला. सेव-उसळच्या गाडीवर एकमेकांचा मान राखायची गरज नव्हती, एवढंच.

पण गाडीवरचं सगळं खरं आणि फॉर्मवरचं सगळं खोटं, असंही मी म्हणणार नाही. 'कॉन्फिडन्स वाढला' यात तथ्य आहे. क्लबात मार्क नाहीत, हजेरी नाही, व्हायवा नाही. चुकलं तर निकालपत्रावर काही उमटत नाही. मी इतकी वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं. क्लब का आवडतो असं विचारलं की पोरं हेच सांगायची, की इथं भीती वाटत नाही. भाषेच्या वर्गातली भीती ही खरीखुरी गोष्ट आहे, नुसता लाजाळूपणा नव्हे. १९८६ साली अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात इलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मोजायला ३३ विधानांची प्रश्नावली तयार केली, आणि पुढे जगभर ती वापरली गेली. क्लबात वर्षभर बसून ही भीती थोडी जरी ओसरली असेल तरी ते फुकट गेलं असं समजू नकोस.

फक्त भीती ओसरली म्हणून तोंड उघडतंच असं नाही. लेक्चर समजतं, पेपर लिहिता येतो, बोलता मात्र येत नाही, हे तुझं दुखणं काही नवं नाही. कॅनडात इंग्रजी घरांतल्या मुलांना शाळेत गणित, इतिहास सगळं फ्रेंचमधून शिकवायचा मोठा प्रयोग झाला. वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकून त्या पोरांना जवळजवळ फ्रेंच मुलांइतकं समजायला लागलं, पण बोलणं आणि लिहिणं मागेच राहिलं. मेरिल स्वेन या भाषाअभ्यासक बाईंनी १९८५ मध्ये त्याचं कारण मांडलं. मुलांच्या कानावर भाषा भरपूर पडत होती, पण तिच्यातून स्वतः काही बोलून दाखवायची पाळी त्यांच्यावर फारशी येतच नव्हती. आपल्या सयाजीराव विद्यापीठात इंग्रजी हेच शिकवण्याचं माध्यम. तिथं गुजराती किंवा मराठी शाळेतून गेलेली किती मुलं याच अवस्थेत पदवी घेऊन बाहेर पडतात! तुझंही कॉलेज त्यातलंच. कान तयार झालाय. जिभेला कामच मिळालेलं नाही.

आणि तुझा क्लबही तिला काम देत नाही. साधा हिशेब कर. ६० मिनिटं, ४० जण. अगदी काटेकोर वाटणी केली तरी एकेकाच्या वाट्याला दीड मिनिट येतं. वर्षात २५ बुधवार धरले तर वर्षभराची बेरीज पाऊण तासही होत नाही. ही झाली आदर्श वाटणी. प्रत्यक्षात तो वेळ चार-पाच जण वाटून घेतात आणि तुझ्या वाट्याला शून्य. मग मत 'व्हेरी गुड' असो नाहीतर 'टाइमपास', बोलणं कुठून सुधारणार?

आता तोच तास जोड्या करून वापर. एका वेळी २० जण बोलतायत, २० जण ऐकतायत, मग उलट. जोड्या जमवण्यात आणि हसण्या-खिदळण्यात २० मिनिटं गेली असं समज, तरी प्रत्येकाला २० मिनिटं बोलायला मिळतात. पंचवीस बुधवारांची बेरीज आठ तासांच्या वर जाते. खोली तीच, मॅडम त्याच, खर्च काही नाही. गरबा नवरात्रात गोल फिरतो तो असाच ना? एकजण मध्ये नाचतोय आणि चाळीसजण भोवती बसून टाळ्या वाजवतायत, असा गरबा बडोद्यात कोणी चालवून घेईल का? ज्याला स्टेप येत नाही तोसुद्धा बाहेरच्या रिंगणात पाय टाकत असतोच. चाळीस जणांनी एकदम बोलल्यावर गोंगाट होईल, होऊ दे. त्या गोंगाटात तुझी चूक कोणाला ऐकू येणार नाही, हा त्यातला मोठाच फायदा.

जोडीत बसल्यावर बोलायचं काय, हा पुढचा प्रश्न. यासाठी मला आवडणारी एक रीत सांगते. न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांच्यामुळे ती बऱ्याच ठिकाणी पोचली. एकाच विषयावर आधी चार मिनिटं बोलायचं. मग जोडीदार बदलायचा आणि तेच तीन मिनिटांत सांगायचं. पुन्हा जोडीदार बदलून दोन मिनिटांत. पहिल्या खेपेला आपण वाक्यावाक्याला अडखळतो, कारण काय सांगायचं तेही शोधायचं असतं आणि कसं तेही. तिसऱ्या खेपेला काय सांगायचं ते तयार असतं, मग शब्द आपोआप मोकळे होतात. ऐकणारा नवा असल्यामुळे बोलणाऱ्याला तेच तेच वाटत नाही. शिक्षकाची गरज नाही, मोबाईलवरचं घड्याळ पुरे.

विषय मात्र माणसाचे ठेवा. 'सोशल मीडिया, शाप की वरदान' यावर बोलायला कोणालाच काही नसतं, म्हणून सगळे पाठ केलेलं बोलतात आणि ज्याचं पाठांतर चांगलं तो जिंकतो. उत्तरायणला गच्चीवर कोणाचा पतंग कापला आणि त्यावरून काय झालं, मोबाईल दुरुस्तीला दिला तेव्हाची कटकट, आजीला दवाखान्यात नेलं तो दिवस, बाबा मकरपुऱ्याच्या कारखान्यात नेमकं काय बनवतात. यावर मुक्यालाही चार मिनिटं बोलता येतं. शब्द अडेल तिथं बिनधास्त गुजराती शब्द घालायचा आणि पुढे जायचं. तो इंग्रजीत काय म्हणतात ते नंतर विचारायचं. काही क्लबांत गुजराती किंवा हिंदी बोललं की पाच रुपये दंड करतात. मला तो प्रकार मुळीच पसंत नाही. दंड भरायला नको म्हणून मूल गप्प बसतं, आणि शिस्त लागली म्हणून सगळे खूष!

चुका सुधारण्यावरून तुझ्या क्लबात दोन तट असणार, हे मी पैजेवर सांगते. एक म्हणणार, कोणी चुकाच काढत नाही, मग फायदा काय. दुसरा म्हणणार, माझी एक चूक काढली आणि त्यानंतर मी बोललोच नाही. दोन्ही तक्रारी रास्त आहेत. बोलणाऱ्याला मध्येच तोडायचं नाही. एकाने फिरत फिरत कागदावर टिपायचं, आणि शेवटच्या पाच मिनिटांत कोणाचंही नाव न घेता दोन-तीनच चुका फळ्यावर लिहायच्या. 'डिस्कस अबाउट' आणि 'आय ॲम हॅविंग वन ब्रदर' या दोन तर पहिल्याच दिवशी सापडतील. उच्चारांच्या नादी सुरुवातीला लागू नका. कोणी स्नॅक्सला स्नेक्स म्हटलं आणि खोली हसली, की ते पोर पुढचा महिनाभर तोंड उघडत नाही.

हसण्याचा विषय निघालाच आहे तर एक अप्रिय गोष्टही बोलून टाकते. तू गुजराती कुठल्या क्लबात शिकलीस? शेजारात, रिक्षावाल्याशी, गरब्यात. तुझ्या गुजरातीला मराठी हेल असेल, लिंगाची गफलत होत असेल, कोणी मनावर घेत नाही. इंग्रजीत चूक झाली की मात्र ऐकणाऱ्याला तुझी शाळा दिसते, शाळेवरून मोहल्ला दिसतो, मोहल्ल्यावरून बापाची नोकरी दिसते. गप्प बसणारी मुलं व्याकरणाला घाबरत नसतात, या उघडं पडण्याला घाबरतात. 'डरो मत, बोलो' असं माइकवरून सांगून ते जात नाही. तुझ्यासारख्याच शाळेतून आलेल्या मुलीबरोबर आधी महिनाभर जोडी जमव. फाडफाड बोलणाऱ्यांपुढे नंतर उभी राहा.

त्या फाडफाड मंडळींवर रागावू नकोस हं. त्यांचंही मत घे, ते बहुधा कोणी विचारत नाही. दर बुधवारी आपणच आपल्याला ऐकवायचं, याचा त्यांनाही कंटाळा आलेला असतो. त्यांना काम द्या. जोडीत त्यांनी फक्त प्रश्न विचारायचे, 'मग काय झालं?', 'तू काय म्हणालीस?' एवढंच. टोस्टमास्टर्स या भाषणाचा सराव करणाऱ्यांच्या क्लबाची पद्धत यात कामाला येते. रॅल्फ स्मेडली यांनी १९२४ साली कॅलिफोर्नियात वायएमसीएच्या इमारतीत तो क्लब सुरू केला. आजही तिथं बैठकीत एकजण वेळ बघतो आणि हिरवा, पिवळा, लाल असा इशारा करतो. एकजण 'अं', 'आ' किती वेळा आलं ते मोजतो. एकजण भाषेकडे लक्ष ठेवतो. भाषणाला पाच ते सात मिनिटं, आयत्या वेळच्या विषयाला एक-दोन मिनिटं. त्यांचे कोट-टाय आणि हस्तांदोलनं तुम्हाला नकोत. ज्याला भाषण येत नाही त्यालाही तिथं हातात काही काम असतं, तेवढं उचला.

इथं कोणीतरी तुला सयाजीराव महाराजांचा दाखला देईलच, बडोद्यात तो चुकत नाही. १८७५ साली कवळाणे गावाहून दत्तक आलेला बारा वर्षांचा, अक्षरओळखही धड नसलेला मुलगा मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी शिकला, मग तुम्हाला का जमू नये, वगैरे. खरंच आहे ते. फक्त त्यांच्यासाठी इलियट नावाचे साहेब शिक्षक म्हणून नेमलेले होते आणि अख्खा दिवस शिकण्यासाठी आखून दिलेला होता, हे सांगायचं राहून जातं. महाराजांना दीड मिनिटावर भागवावं लागलं नव्हतं.

अहवालाचं कसं करायचं ते सांगते. मतं नंतर, आधी घड्याळ. येत्या बुधवारी तू आणि मैत्रीण कोपऱ्यात बसा आणि कोण किती मिनिटं बोललं ते कागदावर मांडा. तो एक कागद तुमच्या चाळीस फॉर्मपेक्षा जास्त सांगेल. मग नवा फॉर्म काढा. गुजरातीत, हिंदीत आणि इंग्रजीत, नावाशिवाय. 'क्लब आवडतो का' असं विचारू नका. विचारायचं ते असं : गेल्या बुधवारी तू किती वेळ इंग्रजीत बोललास? कोणाशी? कुठल्या क्षणी गप्प बसावंसं वाटलं? क्लबात कोणाशी इंग्रजी बोलायला बरं वाटतं?

आणि ज्यांनी क्लब सोडला त्या पन्नास जणांना गाठा. हे माझं तुला सगळ्यात कळकळीचं सांगणं. राहिलेल्यांनाच विचारलं तर क्लब चांगलाच निघणार. ज्यांना पटला नाही ते तुमच्या फॉर्ममधून आधीच गळलेले आहेत. मला वाटतं त्यांच्यातले बरेच जण पादरा, डभोई, सावलीकडून येणारे असतील. साडेचारचा क्लब साडेपाचला सुटला की त्यांची बस गेलेली असते. काही जण संध्याकाळी दुकानात कामाला जात असतील. ज्यांना घरी-दारी इंग्रजीचा वाराही लागत नाही, क्लब खरा त्यांच्यासाठी, आणि नेमके तेच वेळेपायी बाहेर राहिले आहेत. दुपारच्या सुट्टीत वीस मिनिटं, आठवड्यातून दोनदा, असं काही जमेल का ते त्यांनाच विचार.

मॅडमना हे सगळं कसं सांगायचं, या विचाराने तुझ्या पोटात गोळा आला असेल. 'क्लब वाईट आहे' हे वाक्य अहवालात येऊच देऊ नकोस. घड्याळाचा कागद पुढे ठेव आणि म्हण, 'मॅम, एक महिना जोड्या करून बघू या का?' बहुतेक शिक्षकांना चाळीस जणांना एकटीने सांभाळायचा वैताग आलेलाच असतो. त्या हो म्हणतील.

क्लासबद्दल थोडक्यात. अलकापुरी-फतेहगंजला निम्म्या पाट्या आयईएलटीएसच्या, म्हणजे परदेशी जाणाऱ्यांच्या इंग्रजी परीक्षेच्या. तुला परदेशी जायचं नसेल तर त्या पायऱ्या चढू नकोस. त्या परीक्षेतली बोलण्याची चाचणी ११ ते १४ मिनिटांची, तीन भागांची, समोर एकच परीक्षक. तिथं शिकवतात ते तेवढ्यापुरतं. (एक मात्र ऐकून ठेव : तिथंसुद्धा उच्चार समजण्याजोगा हवा, साहेबी हेल काढल्याचे जादा गुण नसतात.) 'तीस दिवसांत फ्लुएंट'वाल्यांकडे जायचंच असेल तर आधी डेमोला बस आणि शेवटच्या बाकावरच्या गप्प मुलीला तासाभरात किती बोलायला मिळालं ते घड्याळ लावून मोज. दहा मिनिटांच्या खाली असेल तर बाबांचे पैसे वाचव. असा एखादा क्लास निघेलही ज्यात सहा-सातच मुलं असतात आणि सगळी बोलतात. तो मिळाला तर जरूर लाव. क्लबही सोडू नकोस.

तुझ्यापुरतं म्हणशील तर आजच मोबाईलवर दोन मिनिटं इंग्रजीत काहीही बोल आणि रेकॉर्ड करून ठेव. ऐकू नकोस, ऐकलंस तर रडशील. मैत्रिणीबरोबर आठवड्यातून तीनदा, कॉलेज सुटल्यावर कमाटी बागेत फिरता फिरता पंधरा मिनिटं तीच चार-तीन-दोनची रीत कर. तिसरी खेप सांगायला नवा माणूस नसेल तर झाडाला सांग, बागेत झाडं पुष्कळ आहेत. मार्चमध्ये त्याच विषयावर पुन्हा दोन मिनिटं रेकॉर्ड कर आणि मग दोन्ही लागोपाठ ऐक. कुठं थांबलीस, किती वेळ थांबलीस ते मोज. क्लबात ज्याची तयारी असेल त्यानेही हेच करावं; 'कॉन्फिडन्स वाढला' या रकान्याशेजारी ठेवायला अहवालात काहीतरी ठोस मिळेल.

नवा फॉर्म तयार झाला की छापण्याआधी मला पाठव. गुजरातीतला मसुदा आधी पाठवलास तरी चालेल, मला वाचता येतं. आणि जोड्यांसाठी विषयांची यादी हवी असेल तर तसं लिही, पन्नासेक विषय एका बैठकीत काढून देईन. शाप की वरदान त्यात एकही नसेल.

– तुझी ताई